उतारावरची आयव्ही काढताना

मे 2024 मध्ये आमच्या घरापुढे 'बॅकयार्ड हॅबिटॅट'ची, म्हणजे उपद्रवी तणं काढून स्थानिक झाडं लावणाऱ्या अंगणांना मिळणाऱ्या प्रमाणपत्राची, पाटी लागली. तेव्हापासून बीव्हरटन-हिल्सबरोकडच्या बऱ्याच मराठी मंडळींनी विचारलं, उतारावर पसरलेली आयव्ही ही वेल नेमकी कशी काढलीत, खर्च किती आला, सुरुवात कुठून करायची. प्रत्येकाला फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून घडलं त्या क्रमाने सगळं एकदाच लिहून ठेवतेय. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंडच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांवर घर घेतलं असेल, मागे उतार असेल आणि तो उतार बारा महिने हिरवागार असेल, तर हे जरूर वाचा. त्या हिरव्याकडे बघून मला पहिलं वर्षभर नुसतं दडपण यायचं.

आम्ही घराचा ताबा घेतला जुलै 2021 मध्ये. नुकतीच ती भयंकर उष्णतेची लाट येऊन गेली होती. 28 जूनला पोर्टलंडमध्ये पारा 116 फॅरनहाइटला, म्हणजे 46 अंश सेल्सियसच्याही वर गेला होता. शहरभर रेड सीडरची झाडं उन्हाच्या बाजूने तांबूस पडली होती. आमचा उतार मात्र सावलीत गर्द हिरवा. घराच्या जाहिरातीतही त्याचाच फोटो पहिला होता आणि 'इथे देखभाल काही लागत नाही' असं आम्हाला सांगण्यात आलं होतं.

ऑक्टोबरमध्ये मेपलची पानं गळायला लागली तेव्हा खरा प्रकार दिसला. बिगलीफ मेपल निष्पर्ण झाले, पण त्यांची खोडं हिरवीच राहिली. अगदी साठ-सत्तर फुटांपर्यंत. वर फांद्यांमध्ये पोपटी फुलांचे गोल झुबके होते आणि त्यांवर माश्या, गांधीलमाश्या घोंघावत होत्या. ती पानं झाडाची नव्हतीच, आयव्हीची होती. खाली जमिनीवर तीच वेल घोट्याच्या वर येईल इतकी दाट. तिच्याखाली दुसरं काही उगवलेलं दिसेना. नेचे तेवढे मधूनमधून डोकं वर काढून होते.

या भागातले हिवाळे सौम्य आणि ओले असतात. इथली मेपल-अल्डरसारखी झाडं त्या काळात पानं टाकून बसतात आणि उजेड सरळ जमिनीवर येतो. आयव्ही सदाहरित असल्यामुळे नेमक्या त्याच महिन्यांत ती वाढून घेते. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी 18व्या शतकात ती अमेरिकेत आणली. पुढे घरांच्या भिंती, रस्त्याकडेचे उतार, दफनभूमी अशा ठिकाणी लोक ती हौसेने लावत राहिले. आमच्या उतारावरचीही कुणीतरी हौसेनेच लावलेली होती, ते पुढे कळलं.

नोव्हेंबरात तीन ठिकाणांहून कोटेशन मागवली. एकाने फोटो बघूनच नाही म्हटलं. दुसऱ्याने तणनाशकासह 4,800 डॉलर सांगितले. तिसऱ्याने तणनाशकाशिवाय 7,500 सांगितले आणि परत उगवली तर जबाबदारी नाही, हेही स्पष्ट केलं. नुकतंच घर घेतलेलं, हप्ता सुरू झालेला. त्या आठवड्यात नवरा आणि मी दोघांनीही उताराचा विषय काढायचं टाळलं.

वाट सापडली ती जानेवारी 2022 मध्ये, ट्रायॉन क्रीकच्या जंगलात. शहराला लागून असलेल्या या राखीव जंगलात स्वयंसेवक शनिवारी आयव्ही काढतात. फॉरेस्ट पार्कातही 'नो आयव्ही लीग'ने 1994 पासून हेच काम लावून धरलेलं आहे. अशा एका सकाळी फुकट शिकायला मिळतं, अवजारं तेच देतात आणि स्वतःच्या उताराबद्दल मनमोकळं विचारता येतं. माझा पहिला सल्ला हाच: पैसे खर्च करण्याआधी एक शनिवार असा द्या.

तिथल्या गटप्रमुख बाईंनी मला जमिनीवरच्या आयव्हीकडे बघूच दिलं नाही. त्या म्हणाल्या, "आधी वर बघ."

या वेलीची दोन रूपं असतात. जमिनीवर सरपटते तोवर ती अल्पवयीन असते. पानं तीन ते पाच टोकांची, फूल नाही, फळ नाही. झाडावर चढली, वर उजेड मिळाला, की साधारण दहा वर्षांत वरचा भाग वयात येतो. तिथली पानं बिनटोकांची, पिंपळाच्या जवळ जाणारी होतात, देठ आधाराशिवाय बाहेर झेपावतात, शरद ऋतूत फुलं येतात आणि हिवाळा सरता सरता काळी फळं पिकतात. रॉबिन, स्टार्लिंग, सीडर वॅक्सविंग ती खातात आणि बी मैलभर दूर कुठल्यातरी जंगलात पडतं. म्हणजे जमिनीवरची आयव्ही आपल्या अंगणाचा प्रश्न असते आणि झाडावरची आख्ख्या परिसराचा. वर्षभरात एकच काम होणार असेल तर झाडं सोडवा. जमीन थांबू शकते. मला या एका वाक्याने सगळ्यात जास्त धीर दिला. एवढा उतार एकदम डोक्यावर घेण्याचं कारणच उरलं नाही.

तरी करवत हातात घेण्याआधी दोन कामं होती.

पहिलं कागदपत्रांचं. 'पोर्टलंडमॅप्स' या महापालिकेच्या संकेतस्थळावर आपला पत्ता टाकला की जमिनीचा झोन दिसतो. आमच्या घराचा पुढचा भाग साधा निवासी, पण उताराचा खालचा अर्धा भाग ओढ्यामुळे पर्यावरण संवर्धन क्षेत्रात होता. अशा क्षेत्रात काय तोडता येतं, काय नाही, याचे नियम असतात. मी परवाना विभागाला फोटो आणि नकाशासह मेल केला. दहा दिवसांनी उत्तर आलं: शहराच्या उपद्रवी वनस्पतींच्या यादीत आयव्ही आहे, हाताच्या अवजारांनी ती काढायला परवाना लागत नाही, यंत्र आणायचं नाही, झाडाला हात लावायचा नाही आणि मोकळी झालेली जागा 'पोर्टलंड प्लँट लिस्ट'मधल्या स्थानिक झाडांनी भरायची. हा मेल मी पीडीएफ करून ठेवला. पुढे एका शेजाऱ्याने "हे चालतं का इथे?" असं विचारलं तेव्हा तो कामी आला. मोठं झाड तोडायचं असेल तर मात्र वेगळा परवाना लागतो, हे लक्षात असू द्या.

दुसरं काम शेजारच्या आजींकडे जाण्याचं. वेल काही कुंपण बघून थांबत नाही. हद्दीवरच्या दोन मेपलवर निम्मी आयव्ही त्यांच्या बाजूने चढलेली होती. त्यांना भेटायला गेले तेव्हा कळलं, की त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनीच 1970च्या दशकात ती लावली होती. नव्या घरामागची माती पावसात वाहून जाऊ नये म्हणून. तेव्हा नर्सरीवालेच हा सल्ला द्यायचे. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या खिडकीतून उताराकडे बघत राहिल्या आणि मला पुढे बोलवेना. मी एवढंच म्हटलं, जमिनीवरची राहू द्या, फक्त दोन झाडांवरची कापू का? त्यांनी दोन दिवस मागितले. मग स्वतःच चिठ्ठी आणून दिली, "झाडांवरची काप." तोंडी होकार मिळाला तरी असं दोन ओळींत लिहून घ्यावं. दोघांनाही बरं पडतं.

फेब्रुवारी 2022 मध्ये झाडं सोडवायला लागलो. आमची अकरा होती: सात मेपल, तीन डग्लस फर आणि एक रेड सीडर. पद्धत सोपी आहे. छातीच्या उंचीवर खोडाभोवती सगळ्या वेली कापायच्या, मग घोट्याजवळ कापायच्या, आणि मधला पट्टा पूर्ण सोलून काढायचा. नंतर बुंध्याभोवती चार-पाच फुटांचं वर्तुळ मुळांसकट मोकळं करायचं. बारीक वेलींना लांब दांड्याची कात्री पुरते, पण जुन्या मेपलवर मनगटाएवढे जाड देठ होते. एकमेकांत विणलेले, जाळीसारखे चिकटलेले. त्यांना घडीची करवत लागली आणि सोडवायला छोटी पहार. जवळून बघितलं तर देठाच्या झाडाकडच्या बाजूला केसाळ, तपकिरी मुळ्यांची दाट किनार असते. ती सालीतून अन्न घेत नाही, नुसती धरून ठेवते. पण धरते इतकी घट्ट, की ओढलं तर मेपलवरचं ओलं शेवाळ, त्यातले छोटे नेचे आणि सालीचे पापुद्रे सगळंच हातात येतं. म्हणून पहार खोडाला समांतर धरून हळू उचकटायची. करवत चालवताना दर चार-पाच वेळा ओढल्यावर थांबून रंग बघायचा: आयव्हीचं लाकूड फिकट पांढरं, त्यामागे सालीचा करडा-तपकिरी रंग दिसला की थांबायचं.

वरचा भाग ओढून खाली काढायचा मोह होतो. काढू नका. वेलीने धरून ठेवलेल्या वाळक्या फांद्या डोक्यावर येतात. कापलेला वरचा भाग आपोआप मरतो. आमच्याकडे पहिले काही आठवडे काहीच फरक दिसला नाही आणि मी रोज सकाळी खिडकीतून बघून हिरमुसत होते. मेच्या सुमारास पानं एकदम तांबूस झाली. वाळका सांगाडा अजून काही झाडांवर लटकलेला आहे. तो गळून पडायला वर्षं लागतात आणि त्याने काही बिघडत नाही.

हातमोजे आणि लांब बाह्या विसरू नका. आयव्हीच्या रसात फाल्कॅरिनॉल नावाचं द्रव्य असतं, त्याने काही जणांच्या त्वचेवर पुरळ उठतं. नवऱ्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत दोन दिवसांनी लाल चट्टे उठले आणि आठवडाभर खाजत राहिले. मला काहीच झालं नाही. आधी कळण्याचा मार्ग नसतो, म्हणून सगळ्यांनीच काळजी घ्यावी.

झाडं सोडवायला लागलो त्याच फेब्रुवारीत बॅकयार्ड हॅबिटॅटला अर्ज केला. इथल्या पक्षी-संवर्धन संस्थेचा आणि कोलंबिया लँड ट्रस्टचा हा संयुक्त उपक्रम आहे. शुल्क ऐपतीप्रमाणे असतं, आम्ही 35 डॉलर भरले. त्यांचे तज्ज्ञ घरी येऊन पाहणी करतात, कुठली तणं काढायची आणि त्या जागी काय लावायचं याचा लेखी अहवाल देतात, वर स्थानिक झाडांसाठी सवलतीची कूपनं देतात. प्रमाणपत्राच्या तीन पायऱ्या आहेत: सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. त्यांना बागेच्या क्षेत्रात अनुक्रमे 5, 15 आणि 50 टक्के स्थानिक झाडं लागतात. उपद्रवी तणं काढणं, रसायनं कमी करणं, पावसाचं पाणी जागच्या जागी जिरवणं हेही बघतात. अर्जानंतर आमचा नंबर मेमध्ये लागला. वसंतात गर्दी असते. अर्ज जेवढा आधी कराल तेवढं बरं.

मेमधली पाहणी तासाभराची होती, पण त्या तासात मी जितकं शिकले तितकं वर्षभर वाचून शिकले नव्हते. आलेल्या बाईंनी खिशातून दहापट मोठं दाखवणारं भिंग काढलं आणि कोवळ्या पानाच्या मागची लव दाखवली. आम्ही सगळे हिला इंग्लिश आयव्ही म्हणतो. तिची लव पांढुरकी आणि चांदणीसारखी उभी असते. आमच्या पानावरची लव तांबूस होती आणि चपटी, पानाला चिकटून पसरलेली. म्हणजे ही अटलांटिक आयव्ही, हेडेरा हायबर्निका, आयर्लंड-ब्रिटन आणि पश्चिम युरोपच्या किनाऱ्याकडची. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेच्या या वायव्य भागातल्या 119 ठिकाणच्या रानटी आयव्हीचे नमुने तपासले होते, त्यात 83 टक्के हायबर्निकाच निघाली. काढण्याची पद्धत दोन्हींची एकच आणि ऑरेगनच्या उपद्रवी तणांच्या यादीत दोन्ही आहेत. 2010 पासून राज्यात त्यांची विक्रीही बंद आहे. तरी आपण ज्याच्याशी झगडतोय ते नेमकं काय आहे हे कळल्यावर मला बरं वाटलं.

त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली. ब्रिटनमध्ये हीच वेल मोलाची आहे. शरदात बाकीची फुलं संपलेली असताना आयव्हीची फुलं माश्यांना तारतात. युरोपात तर मुख्यतः तिच्याच फुलांवर जगणारी एक एकांडी मधमाशी आहे. तिथे तिला खाणारे, तिच्यावर रोग आणणारे, तिच्याशी स्पर्धा करणारे सगळे तिच्याबरोबरच वाढलेले आहेत. इथे ती एकटी आली. त्या दिवसापासून मला वेलीचा राग येणं थांबलं. काम मात्र थांबवायचं नव्हतं.

उन्हाळ्यात आम्ही काही केलं नाही आणि ते मुद्दाम. वसंत ते जुलै-ऑगस्ट पक्ष्यांच्या घरट्यांचा काळ असतो. जंको आणि टोही तर जमिनीलगतच घरटी करतात. उन्हाळ्याच्या शेवटी जमिनीत पिवळ्या गांधीलमाश्यांची पोळी असतात आणि माती दगडासारखी घट्ट होते. पाऊस सुरू झाला की माती सैल होते आणि मुळं सुटतात. जमिनीच्या कामाला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हेच महिने चांगले.

पण याच महिन्यांत उताराची धास्ती असते. या टेकड्यांवर वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक गाळमातीचा थर आहे. ती पाण्याने जड होते आणि घसरते. फेब्रुवारी 1996 च्या पावसात पोर्टलंड परिसरात 700हून अधिक दरडी कोसळल्या होत्या. आयव्ही माती धरून ठेवते असं आजींसारखंच आम्हीही धरून चाललो होतो. माती आणि जल संवर्धनाचं काम करणारे वेस्ट मल्टनोमा डिस्ट्रिक्टचे लोक जमीनमालकांना सल्ला देतात. त्यांना बोलावल्यावर समजलं, की आयव्हीची मुळं उथळ असतात, ती वरच्या काही इंचांतच जाळं करतात. खोलवरची माती धरतात ती झाडं आणि झुडपं, आणि नेमकी त्यांचीच रोपं आयव्हीखाली उगवू शकत नाहीत. तरीही भर पावसाळ्यात सगळा उतार एकदम उघडा करू नका, असं त्यांनी बजावलं. एका मोसमात जेवढं झाकता आणि लावता येईल तेवढंच उघडायचं.

कुठून सुरुवात करायची, याचं उत्तर ऑस्ट्रेलियातून आलेलं आहे. सिडनीच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी 1960च्या दशकात आपल्या घराजवळच्या रानातली तणं काढता काढता एक रीत बसवली: सगळ्यात वाईट जागेवर तुटून पडायचं नाही, चांगल्या जागेपासून सुरू करून बाहेर सरकत जायचं, माती कमीत कमी हलवायची, आणि स्थानिक झाडं सावरतील त्याच वेगाने पुढे जायचं. आमच्याकडे 'चांगली जागा' म्हणजे रेड सीडरच्या खाली तग धरून असलेले स्वोर्ड फर्न. तिथून सुरुवात केली. प्रत्येक नेच्याभोवतीची वेल बोटांनी सोडवायची, मुळाचा शेवट हाती येईपर्यंत मागोवा घ्यायचा. मोकळ्या भागात दोघं शेजारी बसून, कडेपासून वेल कापत सतरंजीसारखी गुंडाळत खाली यायचो. पावसात भिजलेली ती गुंडाळी दोघांना उचलायची नाही, मग ढकलायची. शनिवारी सकाळी दोन-अडीच तास, त्याहून जास्त नाही. पाठ आणि उत्साह दोन्ही टिकवायचे असतील तर हे पाळा.

काढलेल्या वेलीचं काय करायचं, हा प्रश्न मी धरलेला त्यापेक्षा मोठा निघाला. तुकडा ओल्या मातीला लागला तर परत मुळं धरतो. थोडी दर आठवड्याला नेतात त्या बागेच्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात गेली, पण तो एका तासात भरायचा. बाकीचे ढीग उतारावरच, वाळक्या फांद्यांच्या मंचावर, मुळं वर करून रचले. मातीला टेकू द्यायचे नाहीत. महिन्याने एकदा उलटायचे. वर्षभरात कंबरेएवढा ढीग गुडघ्याखाली आला. उघड्या जमिनीवर गोणपाट अंथरून वर लाकडाच्या चिपा टाकल्या. चिपा 'चिपड्रॉप' या संकेतस्थळावरून फुकट मिळाल्या. झाडं तोडणारे लोक आपल्या गाडीतला माल तुमच्याकडे रिकामा करतात. मात्र आख्खी गाडी येते, न सांगता येते, आणि ड्राइव्हवे अडतो. आमची गाडी गुरुवारी सकाळी आली तेव्हा दोघांचीही कार आत होती.

फेब्रुवारी 2023 मध्ये लागवड केली. कुंडीतला एक गॅलनचा नेचा नर्सरीत 10-12 डॉलरला पडतो. त्याऐवजी ईस्ट मल्टनोमा डिस्ट्रिक्टच्या वार्षिक विक्रीत बिनमातीची, नुसत्या मुळांची रोपं घेतली. ती फार स्वस्त असतात. नोंदणी ऑनलाइन, माल फेब्रुवारीत स्वतः जाऊन आणायचा आणि शक्य तितक्या लवकर लावायचा. स्नोबेरी, ओसोबेरी, रेड-फ्लॉवरिंग करंट, ऑरेगन ग्रेप अशी रोपं लावली, नेचे मात्र कुंडीतलेच घेतले. कूपनं धरून एकूण 310 डॉलर गेले.

आणि मार्चमध्ये सीडरखाली ट्रिलियम आली. आम्ही लावलेली नव्हती. तीन पानं, त्यांच्या मधोमध तीन पाकळ्यांचं पांढरं फूल, काही दिवसांनी गुलाबी-जांभळं होत जाणारं. बी पडल्यापासून फुलायला हिला सात-आठ वर्षं तरी लागतात आणि बी वाहून नेतात मुंग्या. म्हणजे ती तिथेच होती, आयव्हीखाली कशीबशी जीव धरून. मी ऑफिसची मीटिंग सोडून नवऱ्याला बोलवायला धावले.

आनंदाचा तेवढा एक महिना. मग उन्हाळा आला आणि खरी मेहनत सुरू झाली. लावलेल्या रोपांना पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा खोल पाणी लागतं. मोकळ्या झालेल्या जमिनीत आयव्हीचे उरलेले तुकडे फुटलेच, शिवाय झोपलेलं दुसरं बी जागं झालं: हर्ब रॉबर्ट, आणि ब्लॅकबेरी. ही काटेरी ब्लॅकबेरी मूळची आर्मेनिया-इराणकडची. ल्यूथर बरबँक नावाच्या कॅलिफोर्नियातल्या रोपवाटिकावाल्याने 1885 मध्ये तिचं बी हिंदुस्थानातून मागवलं होतं. एकीची जागा दुसरीने घेणं हे मला वेल काढण्यापेक्षा जड गेलं. जूनमध्ये एका संध्याकाळी मी पायरीवर बसून रडले आहे, ते लिहून ठेवते, कारण तुम्हालाही तसं वाटेल. पहिल्या उन्हाळ्यात सगळ्यांचा उतार असाच दिसतो. महिन्यातून एकदा फेरी मारून कोवळी फूट उपटत राहिलं की दुसऱ्या वर्षी ती खूपच कमी होते.

त्याच वेळी आई साताऱ्याहून आली होती. संध्याकाळी पाइप घेऊन पाणी घालायचं काम तिने आपल्याकडे घेतलं. काढलेल्या ढिगाकडे बघून म्हणाली, "अगं, आपल्या डोंगरावर घाणेरीने हेच केलंय की." बरोबरच आहे. घाणेरी अमेरिकेच्या उष्ण भागातली. 19व्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली. तिचीही काळी फळं पक्षी खातात, आणि आज सह्याद्रीत कुठलीही पायवाट धरा, ती दिसतेच. आईच्या लहानपणी ज्या टेकडीवर करवंदं वेचायला जायचे तिथे आता घाणेरीतून वाटच सापडत नाही, असं ती सांगत होती. मी हे काम का घेऊन बसलेय, ते तिला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

जानेवारी 2024 चं वादळ पोर्टलंडकर विसरणार नाहीत. 13 तारखेला पूर्वेकडून सोसाट्याचा वारा, वर बर्फ. नैऋत्य पोर्टलंड आणि लेक ओस्वेगोत शेकडो मोठी झाडं मुळासकट पडली. आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती. आमची अकराही झाडं उभी राहिली. गल्लीच्या टोकाचा, शेंड्यापर्यंत आयव्हीने भरलेला एक मेपल आडवा झाला. सदाहरित वेलीचं ओझं आणि वारा अडवणारा तिचा पसारा हिवाळ्यात झाडाला महाग पडतो, असं झाडांचे जाणकार सांगतात. पण त्या वादळात स्वच्छ खोडाचे फरही पडले, तेव्हा आमची झाडं आयव्ही काढल्यामुळेच वाचली असं मी म्हणणार नाही. मेपल पडल्यावर तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजी काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या बाजूचीही काढ. जमिनीवरचीसुद्धा."

एप्रिलमध्ये प्रमाणपत्रासाठी पुन्हा मेल केला, मेमध्ये स्वयंसेवक येऊन बघून गेले. फार मोठी परीक्षा नसते. उताराच्या तळाशी एक पट्टा अजून आयव्हीखालीच होता, तो लपवला नाही. तिथे झाडावर चढलेली काही नाही आणि पुढच्या मोसमाचं काम ठरलेलं आहे, हे बघून त्यांनी सिल्व्हर दिलं.

हिशेब असा: करवत, कात्री, पहार, हातमोजे मिळून 140 डॉलर, अर्जाचे 35, रोपं 310, गोणपाट 40, दुसऱ्या हिवाळ्यातली भरीची रोपं 120. पाण्याचं बिल उन्हाळ्यात थोडं वाढलं, ते वेगळं. तणनाशक आम्ही वापरलं नाही. आयव्हीच्या पानावर मेणाचा थर असतो, नुसती फवारणी त्यावरून घरंगळते, आणि खाली ओढा आहे. तुमचा उतार फार मोठा असेल किंवा पाठीचं दुखणं असेल तर माणसं लावा, त्यात कमीपणा नाही. फक्त कोटेशन घेताना पुढच्या दोन वर्षांची देखरेख त्यात धरलेली आहे का, ते विचारा.

या ऑक्टोबरपासून आजींच्या बाजूचा पट्टा घ्यायचाय. खिडकीसमोरची थोडी जागा आधी करायची, असं त्यांनी सांगितलंय, आणि तिथे काय लावायचं ते त्या स्वतः निवडणार आहेत. कुणाला शिकायचं असेल तर शनिवारी सकाळी नऊला या. लांब बाह्यांचा शर्ट आणि घसरणार नाहीत असे बूट घाला. करवती आमच्याकडे आहेत.